शिमग्याची रेघ

सोपानराव रणपिसे चहाचा कप कधी टेबलावर ठेवत नसत. चहा संपेपर्यंत तो हातात. डावं-उजवं म्हणत नसत. जेवताना "मीठ उत्तरेला आहे" असं सांगत, आणि त्यांची आई साळूबाई न बघता हात उत्तरेला नेत. मनगटावर दोन घड्याळं, एक भोरचं, एक ग्रीनिचचं. कुणी वेळ विचारली की आधी चुकीच्या घड्याळाकडे बघत. पेन्सिल सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली. कॅसेट एकच वापरत. दुसरी कोरी कपाटात होती, तिचं वेष्टन त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. घरातून निघताना उंबऱ्यावर थांबून समोर बघत. समोर शेजाऱ्याची भिंत होती. आणि सूर्य बुडाला असं ते कधी म्हणत नसत. सूर्य गेला, म्हणत.

त्यांना जाऊन महिना व्हायचा आहे. त्यांचा चेहरा मला सलग आठवत नाही. सवयी आठवतात.

आमची ओळख भोरच्या एसटी स्टँडवर झाली. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. एका उंच, काळ्यासावळ्या माणसानं मला समोरच्या गाडीची पाटी वाचायला सांगितली. नसरापूर की सारोळे, एवढंच त्याला हवं होतं. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यामुळे वाचता येत नाही म्हणावं असं वाटेना. सारोळे, मी म्हणालो. ते हसले. म्हणाले, डोळे समुद्रावर राहिले.

ते मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होते. वर्षापूर्वी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि आईकडे भोरला आले. येताना त्यांनी एक कॉम्प्युटर आणला होता. टाइपरायटरसारख्या कळा, त्यावर छोटा टीव्ही, शेजारी साधा टेपरेकॉर्डर. गल्लीत त्याला मशीन म्हणत. पहिले काही दिवस लोक सिनेमा लागेल म्हणून दारात येऊन बसत आणि आकडे बघून उठून जात.

जहाजावर दरवर्षी एक जाडं पुस्तक येतं. सूर्य, चंद्र आणि तारे त्या वर्षात कोणत्या क्षणी कुठे असतील याचे आकडे त्यात असतात. आकाशाकडे बघून आणि त्या पुस्तकात बघून समुद्रात आपण कुठे आहोत ते काढतात. सोपानरावांना ते पुस्तक आता वाचता येत नव्हतं. अक्षर बारीक. शिवाय त्यांचा त्या पुस्तकावर जुना राग होता. "एकतीस डिसेंबरला ते मरतं," ते म्हणत. त्यांना न मरणारं पुस्तक करायचं होतं. मशीनला साल, महिना, तारीख आणि ठिकाण सांगायचं, आणि त्यानं सूर्य कुठे आहे ते सांगायचं. कोणतंही साल. पुढचं किंवा मागचं.

माझं काम वाचण्याचं. मी छापील आकडा मोठ्यानं वाचायचा, ते पडद्याला नाक लावून मशीनचा आकडा बघायचे. जुळला की हं. नाही जुळला की गप्प. एकदा म्हणाले, "बीए, आकडा म्हण. कविता म्हणू नकोस." त्यानंतर ते मला बीएच म्हणू लागले.

लाईट गेली की मशीन शिकलेलं सगळं विसरायचं. मग कॅसेट लावून त्याला पुन्हा शिकवावं लागे. भोरात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. कॅसेट नीट चालते का बघायला सोपानराव टेपरेकॉर्डरपासून मशीनकडे जाणारी वायर काढत, आणि खोलीभर एक किंचाळी पसरे. बारीक, न थांबणारी, वरखाली होणारी. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा साळूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "कोण रडतंय?" त्यांनी विचारलं. सोपानरावांनी वायर लावली. मशीन शिकतंय, ते म्हणाले. लाईट गेली म्हणून विसरलं होतं.

"बरं हाय त्येचं," साळूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोनबा हे सोपानरावांचे चुलते. रोज सकाळी येऊन बसत आणि मशीनला टोमणे मारत. धम्म घेतला तेव्हा घरातलं पंचांग आणि देव्हारा याच सोनबांनी नदीत सोडला होता. "आमी पंचांग पाण्यात सोडलं," ते म्हणत, "आन् ह्यो इलायतेचं घिऊन आला. त्येला जेवायला लाईट बी लागती." सोपानराव हसत. तिथी नाही सांगत हे, ते म्हणत. फक्त सूर्य.

एका सकाळी आम्ही एप्रिलचे आकडे ताडून बघत होतो. साळूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते कळलं नाही.

"मागलं बी सांगतं का ह्ये?"

"किती मागलं?"

"लई न्हाई. धरणाच्या आधीचं."

त्यांचं गाव पानशेतच्या पाण्याखाली आहे. गावाचं नाव त्या घरात कुणी घेत नाही. खालचं गाव, म्हणतात. घराच्या दारापुढे, अंगणात, साळूबाईंनी आपली मुलगी पुरली होती. जाई. दीड-दोन वर्षांची. सोपानराव तेव्हा भोरच्या बोर्डिंगात शिकायला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा बहीण नव्हती. जयंतीच्या दिवशी गेली, असं त्यांना सांगितलं गेलं. चौदा एप्रिल. पुढे धरण झालं आणि घर, अंगण, सगळं पाण्यात गेलं. धरण फुटलं त्या साली पाणी उतरलं होतं, साळूबाईंना जायचं होतं, पण नानांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, जाऊ दिलं नाही. नाना वारले. साळूबाई साठीच्या झाल्या. त्यांना एकदा त्या जागेवर बसायचं होतं. बाकी काही नाही. तसं त्यांनी सांगितलं, पदराला हात पुसत.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली जातं, पण ओळखीचं काही उरलेलं नसतं. गाळ बसून सगळं सपाट. भिंतींचे दगड लोकांनी कधीच नेलेले. साळूबाईंना एकच खूण माहीत होती. जाईला मातीत ठेवलं त्या सकाळी दारातून समोरच्या डोंगराच्या खाचेत सूर्य आला होता. "उतरंडीत मडकं बसावं तसा," त्या म्हणाल्या. खाच अजून होती. डोंगर बुडाला नव्हता.

सोपानराव खुर्चीतून उठले. कप हातात होता, चहा सांडला. मी त्यांना इतकं आनंदलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. ठरावीक तारखेला सूर्य ठरावीक दिशेला उगवतो. त्या दिशेची रेघ खाचेतून उलटी मागे ओढायची. घर त्या रेघेवर कुठेतरी असलंच पाहिजे. आणि घर ओढ्याच्या काठाला होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. ओढ्याची घळ गाळातही दिसते. रेघ ओढ्याला कापेल तिथे घर. नुसतं जाऊन सूर्य का बघायचा नाही, मी विचारलं. कारण एप्रिलात तिथे पाणी असतं, ते म्हणाले. जमीन मेच्या अखेरीला उघडी पडते, आणि तेव्हा सूर्य दुसरीकडूनच उगवतो. जागा असते तेव्हा सूर्य नसतो. सूर्य असतो तेव्हा जागा नसते. म्हणून मशीन.

तुम्ही दारातून कधी पाहिलं नाही का, मी विचारलं. "मी तेव्हा उशिरा उठायचो," ते म्हणाले.

मशीननं रेघ दिली. मेच्या शेवटी आम्ही निघालो. भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे, पुढे डोंगर ओलांडून पायी. पिशवीत होकायंत्र, सुतळी आणि पांढरा रंग दिलेल्या लाकडी खुंट्या. साळूबाई घरीच राहिल्या. जागा सापडली की न्यायला या, म्हणाल्या.

पाणी त्या वर्षी फार खाली गेलं होतं. गाळाला भेगा पडल्या होत्या, पाय ठेवला की वाजायच्या. झाडांचे काळे बुंधे उभे होते, सगळे एकाच उंचीवर तुटलेले. पलीकडे एक धनगर मेंढरं चारत होता. त्याचं नाव बिरू. वरच्या वाडीचा. तो काठी टेकून आमचा खेळ बघत राहिला. सोपानराव खाचेकडे तोंड करून होकायंत्र धरायचे, आकडा मी वाचायचा, मग चार पावलं सरकायचं आणि खुंटी ठोकायची. अशी रांग ओढ्याच्या घळीपर्यंत आली. शेवटची खुंटी सोपानरावांनी स्वतः ठोकली. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग तिथे बसले, जमिनीला हात लावून.

बिरू जवळ आला. काय हुडकताय, त्यानं विचारलं. घर, सोपानराव म्हणाले. आमचं घर इथे होतं.

"हितं?" बिरू म्हणाला. "आवं सायेब, हितं घर आसतं तर तुमी मासं झाला आसता. ह्यो डोह. माझ्या आज्ज्याची म्हस हितंच गेली." त्यानं काठीनं गाळ उकरला. खाली गुळगुळीत गोटे होते. आणखी उकरलं, आणखी गोटे. "घरं तकडं हुती," तो म्हणाला आणि काठीनं सगळा उत्तरेचा काठ दाखवला. नेमकं कुठलं कुणाचं ते त्यालाही माहीत नव्हतं. तो तेव्हा लहान होता आणि त्या वस्तीत येत नसे.

सोपानरावांनी होकायंत्र पुन्हा पाहिलं. मला आकडे पुन्हा वाचायला लावले. सगळं बरोबर होतं. वेल्ह्यात गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "मशीन चुकलं."

घरी पोचलो तेव्हा साळूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, जाण्यासाठी तयार. सोपानरावांनी सांगितलं की डोह निघाला. प्रोग्राममध्ये कुठेतरी चूक आहे, शोधतो. ते मशीनपुढे बसले आणि त्यांनी मला पुस्तक उघडायला सांगितलं. पहिल्यापासून सगळे आकडे पुन्हा ताडायचे होते. मी वाचू लागलो.

"त्येला बोल लावू नगंस," साळूबाई म्हणाल्या.

त्यांचा हात सुपात थांबला होता.

"मशीन खोटं न्हाई बोललं. म्या बोलले. जयंती नव्हती. शिमगा हुता."

मग त्यांनी सांगितलं. सुपाकडेच बघून सांगितलं. गावच्या होळीपुढे हलगी वाजवायची पाळी त्या साली नानांची होती. जाईचं अंग तापलं होतं. नाना जायला तयार नव्हते. बोलावणं दोनदा आलं. तिसऱ्यांदा येणारी माणसं नुसती बोलवायला आली नसती, हे दोघांनाही माहीत होतं. नाना गेले. होळी पडेपर्यंत वाजवत राहिले. वस्तीत हलगी ऐकू येत होती. साळूबाई मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. नाना आले ते धोतराच्या सोग्यात पोळी बांधून, जाईसाठी. तांबडं फुटत होतं. जाई कधीच गेली होती. त्यांनी तशीच कुदळ घेतली. माती लोटून झाली आणि साळूबाईंनी मान वर केली, तर समोर खाचेत सूर्य.

हलगी नानांनी चुलीत घातली. जळेना. चामडं आकसत राहिलं, त्याचा वास घरात किती दिवस होता. छप्पन साल होतं. त्याच वर्षी पुढे वस्तीनं धम्म घेतला, आणि शिमगा हा शब्द घरातून गेला. नाना तो कुणी उच्चारला की उठून बाहेर जात. पोराला सांगू नकोस, एवढंच त्यांनी मागितलं. म्हणून साळूबाईंनी दिवस पुढे सरकवला. जयंतीवर नेऊन ठेवला. जयंतीच्या दिवशी माणूस गेलं तर कुणी विचारत नाही की बाप कुठं होता.

"दिस बदलला तर त्यो वाचंल आसं वाटलं," त्या म्हणाल्या. "पर खाच मातुर खरी सांगितली."

सोपानराव ऐकत होते. दोन्ही घड्याळं मनगटावर टिकटिकत होती. त्यांनी विचारलं, "पोळी काय केली?" साळूबाईंनी मान हलवली. आठवत नाही, की सांगायचं नाही, मला कळलं नाही.

आता तारीख हवी होती. होळी पुनवेला येते आणि पुनव दर साली वेगळ्या तारखेला. छप्पन सालच्या फाल्गुनातली पुनव कधी होती ते कळलं की दुसऱ्या सकाळची तारीख मिळणार होती. मला हे फार सोपं वाटलं. माझे आजोबा भिक्षुकी करत. आमच्या फडताळात त्यांच्या हयातीतली सगळी पंचांगं सुतळी बांधून ठेवली आहेत. मी म्हणालो, उद्या घेऊन येतो.

सोपानराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कुणास ठाऊक.

"त्या रात्री होळी कधी पेटवायची ते त्याच पंचांगात बघून ठरलं होतं, बीए," ते म्हणाले. "त्याच वेळेला नाना तिथे उभा होता. तिला मी त्यातून शोधणार नाही."

आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

ते चंद्राच्या मागे लागले. सूर्य मशीनला येत होता, चंद्र येत नव्हता. चंद्र सरळ चालत नाही, ते सांगत. त्याला सूर्य ओढतो, पृथ्वी ओढते, तो अडखळत जातो, आणि प्रत्येक अडखळण्याचं वेगळं गणित. मशीनच्या डोक्यात ते सगळं मावत नव्हतं. ते सूर्याचा काही भाग पुसत आणि तिथे चंद्र लिहीत. त्याच कॅसेटवर, जुन्यावर नवं. कोरी कॅसेट काढा, मी म्हणालो. दोन झाल्या की खरी कोणती ते कळत नाही, ते म्हणाले. मी चालू वर्षाच्या पुनवा वाचत होतो. मशीनची पुनव कधी अर्धा दिवस आधी यायची, कधी नंतर. सोनबा आता टोमणे मारत नव्हते. येत, बसत आणि जात. बिरूचा निरोप आला की पाऊस तोंडावर आला आहे, पाणी चढायला लागलं की ओढ्याचा काठ आधी जातो.

तो निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोपानराव एकटेच निघाले. खाचेची उंची पुन्हा मोजायची होती. सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे तो दिसेपर्यंत थोडा सरकलेला असतो, आणि तेवढ्यानंही रेघ घरावरून शेजारच्या अंगणात जाऊ शकते. नसरापूरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत ते बाकावर बसले होते. गाडी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मांडीवर नव्या खुंट्यांची पिशवी होती, हात पिशवीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारी बसलेल्या बाईला कळलंसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, ते समोर बघत होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. साळूबाईंनी मला बोलावणं पाठवलं. मशीन एकदा लावा, म्हणाल्या.

मी कॅसेट लावली. वायर हातातून निसटली आणि ती किंचाळी खोलीभर झाली. मी घाईनं वायर लावायला गेलो. "राहू द्या," साळूबाई म्हणाल्या. त्यामुळे ते पहिल्यांदा नीट लोड झालं नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून. मग मी ते पुन्हा लावलं, वायर जोडून.

प्रोग्राम चालला नाही. थोडा चालायचा आणि अडायचा. सूर्य अर्धा पुसलेला होता, चंद्र अर्धाच लिहिलेला. मला त्यातलं काही येत नाही. मला आकडे वाचता येतात. मी पडद्यावर सगळ्या ओळी उतरवल्या आणि एकेक बघत गेलो. सूर्याच्या भागात एके ठिकाणी आकडे नव्हते. स्वतःसाठी टिपण ठेवावं तशी एक ओळ होती. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द. मी ती साळूबाईंना वाचून दाखवली.

आईला विचार, सूर्य किती वर आला होता.

साळूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. डाव्या हाताची मूठ वळली, अंगठ्याशेजारी खाच केली. उजव्या हाताचा तळवा वाटीसारखा त्यात बसवला.

"आर्धा," त्या म्हणाल्या. "आर्धा वर, आर्धा आत."

त्यांनी हात तसेच धरून ठेवले, मी टाइप करीन म्हणून.

हे उत्तर कुठे घालायचं मला माहीत नाही. पुण्यातल्या दोन कॉलेजांत विचारून आलो, तिथे असं मशीन कुणी पाहिलेलं नाही. पंचांगं फडताळात आहेत. सुतळी मी सोडलेली नाही. बिरू सांगतो, जयंतीच्या खुंट्या पाण्यात गेल्या. शिमग्याच्या खुंट्या पिशवीत आहेत. चारांना रंग दिलेला आहे, बाकीच्यांना द्यायचा राहिला.